वहीतलं नवं वाक्य

सोसायटीच्या गणपतीत आरती म्हणायची ती नंदकुमारनंच. तळोज्याच्या कारखान्यातून कितीही थकून आला तरी अंघोळ उरकून सातच्या ठोक्याला तो मंडपात हजर असायचा. आवाज खणखणीत होता आणि मिरवायची हौसही होती, खोटं कशाला बोला.

त्याची आठ वर्षांची जाई ऑटिस्टिक. स्वतःहून ती फारसं बोलत नाही; ऐकलेलं वाक्य मात्र समोरच्याच्या सुरासकट परत म्हणते. झांजांचा गोंगाट तिला सोसत नाही. पण आरत्या ठरल्या क्रमानं झाल्या की कानांवर हात दाबून ती शेवटपर्यंत उभी राहते. आधी गणपतीची, मग शंकराची, मग देवीची. हे नंदकुमारला पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी प्रमुख पाहुणे म्हणून एक बिल्डर आले होते. "जरा आटपा ना, द्रोणागिरीच्या साइटवर मीटिंग आहे," ते म्हणाले. साहेबांपुढे नंदकुमार विरघळला आणि त्यानं देवीची आरती गाळली.

जाई किंचाळली. तिनं प्रसादाचं ताट उधळलं, मोदक साहेबांच्या पायांवर पडले. आवरायला गेलेल्या बापाच्या मनगटाला ती कडकडून चावली.

"कोणाची ओ ही पोरगी?" साहेबांनी पाय झटकत विचारलं.

नंदकुमारनं घसा खाकरला. "आमची नाही. पाहुण्यांची आहे."

शेजारीपाजारी सगळे तिथंच होते. जाईला जन्मापासून ओळखणारे. सगळे खाली वाकून मोदक वेचायला लागले. नंदकुमारला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तिला घेऊन घरी आला. त्याची बायको वैदेही तापानं पडून होती. पंख्याखाली बसून जाई हळूहळू शांत झाली. मग तिनं घसा खाकरला.

"आमची नाही. पाहुण्यांची आहे."

वैदेही ताप विसरून उठून बसली. थेरपिस्टच्या सांगण्यावरून ती जाईचं प्रत्येक नवं वाक्य वहीत लिहायची. चार महिने पान कोरं होतं. "ऐकलंत? अख्खी दोन वाक्यं बोलली." तिनं हसत तारीख घातली, वाक्यं उतरवली. पुढचा रकाना होता, कोणाकडून ऐकलं याचा.

"कोण म्हणालं हो असं?"

नंदकुमार चावलेलं मनगट चोळत राहिला. 

"मी," तो म्हणाला.

वैदेहीनं आधी वहीकडे पाहिलं, मग जाईकडे. नवऱ्याकडे पाहिलंच नाही. तिनं रकान्यात लिहिलं, 'बाबा'.