अक्कांच्या यादीतली सातवी ओळ

डब्याच्या पोळ्या उरकल्या होत्या. मी ओट्याशी उभी राहून गवारीच्या शेंगा मोडत होते, तेवढ्यात मागचं दार वाजलं. आमचं मागचं दार फक्त शेजारच्या बेबाबाई वाजवतात, तेही कडी हळूच हलवून. आज तळहाताने थापा पडत होत्या. उघडलं तर त्यांची सून भूमिका. कडेवर दोन वर्षांचा तेजस, हातात चार घड्या घातलेला वहीचा कागद.

"काकू, आई पहाटेपासून घरात नाहीत. आणि हे अक्षर तुमचं आहे."

अक्षर माझंच होतं.

बेबाबाईंना आमची देवपुरातली अख्खी गल्ली अक्का म्हणते. सदुसष्ट वर्षांच्या. अमळनेरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या, नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला. मुलगा कुंदन बियाण्यांच्या दुकानात आहे. कुणाकडे पापड असोत की बारसं, अक्का सकाळीच हजर असतात आणि जेवायच्या वेळी नेमक्या निघून जातात. त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

जूनमध्ये त्यांची धाकटी बहीण यशोदाबाई वारली. दिवसकार्य झाल्यावर तिची ट्रंक उघडली, तर अकरा साड्या घडीसुद्धा न मोडलेल्या निघाल्या. तिकडून आल्यावर अक्का चार दिवस गप्प होत्या. पाचव्या दिवशी दुपारी वही घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "चारू, लिखी दे. मन्हं अक्षर मालेच वाचता येस नही."

मी लिहीत गेले. पहिलं, ठेवणीतल्या साड्यांची घडी मोडणं. दुसरं, हॉटेलात एकटीने बसून मसाला डोसा खाणं. मग एसटीत खिडकीशी बसून साक्रीपर्यंत जायचं आणि कुणाकडेही न उतरता परत यायचं. मोबाइलवर फोटो काढायला शिकायचं. नवऱ्याचं नाव एकदा सरळ, मोठ्याने, उखाण्याशिवाय घ्यायचं; हे सांगताना त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. सहावं, लळिंगचा किल्ला एकटीने चढणं. कधी माहेरचं लग्न मालेगावला, कधी नणंदेकडे नाशिकला जाणं. चाळीस वर्षं एसटी त्या डोंगराच्या पायथ्याने गेली आणि अक्कांनी तो खिडकीतून, तोही इतरांच्या डोक्यांमधून, पाहिला. सातवा आकडा त्यांनी घालायला लावला आणि ओळ कोरी ठेवली. ते आधीची सहा झाल्यावर सांगेन, म्हणाल्या. आणि कुणाला सांगायचं नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतली.

एकेक गोष्ट झाली की त्या कागदावर हळदीचं बोट लावत. भूमिकाच्या हातातल्या कागदावर पाच पिवळी बोटं होती. सहाव्यापुढे काही नव्हतं.

भूमिकाने मात्र वेगळंच वाचलं होतं. दुखऱ्या गुडघ्यांनी किल्ला चढणं तिला खरं वाटलं नव्हतं, तिला दिसत होती ती कोरी सातवी ओळ. सासूबाईंची ट्रंक उघडी, नवी पोपटी साडी नाही, फोन चार्जिंगला तसाच. रात्री झोपताना सासूबाई म्हणाल्या होत्या, आता एकच काम राहिलंय. बहीण गेल्यापासूनचं ते गप्प राहणं. कुंदन सकाळी सातलाच मोटरसायकल काढून पांझरा नदीच्या पुलावर गेला होता. पुलावर कशाला, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दिवसही नेमका कसला, तर परवा रविवारी कानबाई देवीचा सण. आमच्याकडे तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी धान्य मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. अक्कांच्या घरी मोजणी शुक्रवारी, बाराच्या आत. गावाहून थोरले जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, झिपरूआबा येतात, पाटावर बसून एकेक नाव पुकारतात आणि अक्का सुपात मूठ सोडतात. एक्केचाळीस वर्षं तीच मूठ. आबा अकराच्या गाडीने येणार होते आणि अक्का या दिवशी घराबाहेर, हे कधी झालं नव्हतं.

मी कुंदनला फोन लावला आणि शपथ मोडली. मी लिहून दिलेल्या यादीत लळिंगचा किल्ला आहे, तिथे गेल्या असतील, म्हणाले. तो म्हणाला, "काकू, तुम्ही लिहून दिलंत. तिच्या गुडघ्यांचे एक्स-रे तुम्ही पाहिलेत ना?"

पाहिले होते. डॉक्टरांकडे मीच बरोबर गेले होते.

दहा मिनिटांत तो दुकानाची गाडी घेऊन आला. भूमिका तेजसला घेऊन आबांची वाट बघत घरी राहिली आणि मी पुढच्या सीटवर बसले. रात्री पाऊस झाला होता, रस्ता अजून ओला होता. वाटेत तो एकदाच बोलला: आईला कुठे जायचं असतं तर मी नेलं नसतं का. एकटीने असं लिहिलंय, हे मी त्याला सांगितलं नाही.

पायथ्याशी चहाची टपरी आहे. टपरीवाला छगन म्हणाला, हो, पोपटी साडीतली एक आजी पावणेसातला वर गेली. पाणी प्यायली आणि परतीची गाडी किती वाजता, ते दोनदा विचारलं. अकराच्या आत घरी पोहोचायचं म्हणत होती.

कुंदनचा चेहरा थोडा सैलावला. मी घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी. एव्हाना त्या खाली यायला हव्या होत्या.

चढायला लागलो. पायवाट गवताने झाकलेली, दगडांवर शेवाळ. कुंदन पुढे, मी धापा टाकत मागे. तो हाका मारत होता. आधी "आई", मग "अक्का", आणि त्यानंतर तोंडात येईल ते. अर्ध्या वाटेवर त्याला एक चप्पल सापडली. निळ्या पट्ट्याची, अंगठ्याजवळ शिवलेली. ती उचलून तो तसाच उभा राहिला. पलीकडे उतार होता आणि त्या उताराकडे बघायचं धाडस आम्हा दोघांनाही होईना.

"कोणी शे का?" वरच्या वळणावरून आवाज आला.

अक्का पाण्याच्या टाक्याशी दगडावर बसल्या होत्या. साडीला चिखल, उजवा घोटा सुजून टम्म. कुंदन गुडघ्यांवर खाली बसला आणि आईचा घोटा चाचपू लागला.

"वर जाई उनू मी," त्या म्हणाल्या.

किल्ला पाहून आल्या होत्या, उतरताना पाय घसरला होता. तासभर तिथेच बसून होत्या. फोन मुद्दाम ठेवला, कारण तुझा आवाज ऐकला असता तर मी निम्म्यातून परतले असते, असं त्यांनी मुलाला सांगितलं.

कुंदनचा राग आता बाहेर आला. गल्लीतल्या देवळात जायला तुला रिक्षा लागते, गुडघे दुखतात म्हणून, असं तो म्हणाला.

"त्या देवळाले पायऱ्या जास्त शेतस," अक्का म्हणाल्या.

तो हसला नाही. पाठ करून बसला आणि आईला पाठुंगळी घेतलं. खाली उतरायला आम्हाला तास लागला. गाडीत मी विचारलं, सातवं काय? अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. घरी गेल्यावर, म्हणाल्या.

पोहोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. झिपरूआबा पाटावर बसले होते. समोर सूप, गव्हाचा डबा. ते सुनेला ऐकवत होते, या घरात आता कानबाईपेक्षा फिरणं मोठं झालं. भूमिका खाली मान घालून उभी होती. अक्कांना पाहून आबांनी तोंड फिरवलं आणि भिंतीला सांगितलं, बाराच्या आत व्हायला हवं.

अक्कांनी हातपाय धुतले. घोट्याला हळद लावली, तेच बोट कागदावर सहाव्या ओळीपुढे टेकवलं आणि पाय लांब करून सुपाशी बसल्या. आबांनी नावं पुकारायला सुरुवात केली. आपलं स्वतःचं, भावांचं, पुतण्यांचं, कुंदनचं. प्रत्येक नावाला अक्कांची मूठ सुटत होती, वर पाव मूठ. शेवटचं नाव तेजसचं. तो भूमिकाच्या कडेवर झोपला होता.

आबा पाटावरून उठायला लागले. अक्कांनी डब्यात पुन्हा हात घातला आणि मूठ भरून तशीच धरून ठेवली. जेठांशी त्या कधी तोंड वर करून बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी मान वर केली.

"आबा, यंदा मन्हं नाव बी पुकारा. मन्हा नावनी बी सव्वा मूठ."