बंडू हरवला नव्हता

हे मी सव्वीस वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही — आई तर आता राहिलीही नाही — आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्या बाबांना तर नाहीच. गेल्या महिन्यात पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. आता तुम्हाला सांगते. तुमची-माझी ओळख नाही, त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

पिल्लापासून सुरुवात करते. ते बरं आहे, पिल्लाविषयी बोलायला मला आवडतं.

मी भोपाळला साकेत नगरमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिथल्या दुबे मॅडमच्या लॅब्राडॉर कुत्रीला सहा पिल्लं झाली. त्यांनी फोटो दाखवला, तो मी घरी येऊन ईशानला — माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला — दाखवला, आणि तिथेच सगळं ठरलं. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. आमच्या हातात पाच आठवडे होते. आमचं मिसरोदचं घर लहान, पण पुढे थोडं अंगण आहे. ईशानने कामाला सुरुवात केली. जमिनीवर पालथा पडून तो पिल्लाच्या उंचीवरून घर बघत फिरायचा. टीव्हीच्या मागच्या वायरी, फिनाइलची बाटली, बाबांच्या गोळ्यांचा डबा — सगळं वर चढलं. जिन्याखाली जुनी गादी, जुन्या पेपरांचा गठ्ठा, पाण्याचा जड वाडगा. काय खायला द्यायचं नाही याची यादी फ्रिजवर लागली: चॉकलेट, द्राक्षं, कांदा. लशी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर न्यायचं नाही. चावलं तर हात ओढायचा नाही, तोंडात खेळणं द्यायचं. चुकलं तर मारायचं नाही — कधीच नाही. ही शेवटची ओळ ईशानने लाल पेनाने लिहिली होती. मी रोज फ्रिजमधून दूध काढताना ती वाचत होते.

आमच्याकडेच राहणाऱ्या बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. “आणा तुम्ही. घर तुमचं आहे. फक्त त्याची जबाबदारी माझ्यावर टाकू नका. माझ्या हातून जनावर सांभाळलं जात नाही.”

ईशान हसला. त्याला तो आजोबांचा स्वभाव वाटला. मला माहीत होतं तो स्वभाव नाही. तो मी घडवलेला आहे.

बाबा कोल्हापूरकडचे. कारखान्यात नोकरी लागली म्हणून भोपाळला आले आणि इथलेच झाले. आम्ही सोनागिरीत राहायचो. मी बारावीत असताना त्यांनी त्यांच्या साहेबांच्या बंगल्यावरून एक पिल्लू आणलं — लॅब्राडॉर म्हणून. सहा महिन्यांत त्याचा एक कान उभा राहिला आणि एक पडलेलाच राहिला, तेव्हा साहेबांच्या कुत्रीने परस्पर काय केलं ते सगळ्या गल्लीला कळलं. बाबांनी त्याचं नाव बंडू ठेवलं. शेजारचे मिश्राजी त्याला ‘बंडूजी’ म्हणायचे. बाबांची स्कूटर वळणावर असतानाच त्याला कळायचं. फटाके वाजले की पलंगाखाली शिरायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर यायचा नाही. भित्रा होता. हे लक्षात ठेवा — म्हणजे मी लक्षात ठेवायला हवं होतं.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रॅक्टिकलची परीक्षा दोन दिवसांवर. आई नागपूरला मावशीकडे गेलेली. बाबा चष्मा विसरला म्हणून दुपारी घरी आले, चष्मा घेतला आणि घाईने परत कारखान्यात गेले. संध्याकाळी ते आले तेव्हा बंडू घरात नव्हता. फाटक उघडं होतं.

घरातल्या मोठ्यांत सव्वीस वर्षं ही गोष्ट इतकीच सांगितली गेली. मधली दुपार कुणी विचारली नाही.

बाबा गेल्यावर मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर बंडू माझ्या खोलीत, आणि माझं झूलॉजीचं जर्नल जमिनीवर — वर्षभर काढलेल्या आकृत्या, सरांच्या सह्या, सगळ्याच्या चिंध्या. त्याच्या मिशीला कागद चिकटला होता. तो शेपूट हलवत होता.

मी खुंटीवरचा त्याचा चामड्याचा पट्टा घेतला.

किती वेळा मारलं ते मी मोजलं नाही. पहिल्या फटक्याला तो ओरडला. नंतर ओरडला नाही, भिंतीला चिकटून खाली खाली बसत गेला, आणि तिथेच मुतला. ते पाहून मी थांबले असते तर — पण मला ते पाहून आणखी राग आला. का? मी आजही त्याचं उत्तर शोधते. तो माझ्याहून दुबळा होता आणि मला ते दिसत होतं, एवढंच उत्तर मिळतं.

मग तो अंगणात पळाला. मी मागे गेले. फाटकाला कडी होती. बाबांनी जाताना नीट लावली होती, ते नेहमी लावायचे. ती मी काढली. फाटक पूर्ण उघडलं आणि म्हटलं, “जा. तोंड दाखवू नकोस.” तो जाईना. माझ्याकडे बघत उभा राहिला. मी पट्टा उगारला, तेव्हा गेला.

मी आत येऊन फरशी पुसली. चिंध्या गोळा केल्या. पट्टा खुंटीला लावला.

संध्याकाळी बाबांनी घरभर, गल्लीभर शोधलं आणि मग माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. “मिनू, मी दुपारी गेलो तेव्हा फाटक उघडं राहिलं का गं?”

मी म्हटलं, “हो बाबा. उघडंच होतं.”

सांगितलं. आता पुढचं.

पुढचे दोन आठवडे बाबा कामावरून आले की स्कूटर काढायचे आणि मी मागे बसायचे. सोनागिरी, पिपलानीचा बाजार, रायसेन रोडच्या कडेचे ढाबे. बाबा गाडी सावकाश चालवायचे आणि मी हाका मारायचे — बंडू, बंडू. तुम्हाला वाटेल मला तो सापडायला हवा होता. मला तो सापडण्याची भीती वाटत होती. तो आला असता, बाबांच्या अंगावर उड्या मारल्या असत्या, आणि मला बघून पोटावर सरपटला असता — आणि बाबांना सगळं कळलं असतं. म्हणून मी हळू आवाजात हाका मारत होते. स्कूटरच्या आवाजात बाबांना ते कळलं नाही.

तो सापडला नाही.

आई परत आली आणि तिने बाबांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. तिचाही जीव होता त्याच्यावर. मग ते घरातलं एक बोलणंच होऊन बसलं. गॅस चालू राहिला, पाकीट विसरलं, की आई म्हणायची, “तुम्हाला फाटकाची शुद्ध नसते, तिथे बाकीचं काय.” बाबा ऐकून घ्यायचे. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघायचे. हळूहळू त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. ईशान झाला तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी. पण ते त्याला एकट्याने कधी बागेतसुद्धा घेऊन गेले नाहीत. “तू चल बरोबर. माझ्या हातून सुटायचा.” ईशान आजोबांचा हात धरून कुठे गेला नाही, त्याचं सगळं लहानपण असं गेलं. एका शब्दाने मी हे थांबवू शकले असते. माझ्याकडे तो शब्द रोज होता.

पिल्लू यायच्या आदल्या आठवड्यात आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो, लशींचं विचारायला. एकट्याने घर सांभाळायला नको म्हणून बाबाही आले होते. डॉक्टर तरुण मुलगी होती, मोकळी. रजिस्टरमध्ये लिहिता लिहिता तिने विचारलं, “पहले कभी डॉग रखा है आप लोगों ने?”

मी म्हटलं, “नहीं. पहली बार है.”

विचार न करता म्हटलं. बाबा शेजारच्याच खुर्चीत होते. पलीकडे ईशान होता, त्याला बंडूविषयी काहीच माहीत नव्हतं.

परत आलो. ईशान वाडगा धुवायला आत गेला. बाबा अंगणात खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “मिनू, तिथे तू नाही म्हणालीस ना. बरं केलंस. पोरासमोर माझी लाज राखलीस.”

मी काय करायला हवं होतं? सव्वीस वर्षं त्यांनी माझा गुन्हा वाहिला होता आणि आता त्याबद्दल माझेच आभार मानत होते. मी त्यांच्यासमोरच्या पायरीवर बसले. पाय धरले नाहीत, रडलेही नाही. रडले असते तर त्यांना मला समजवावं लागलं असतं. एवढं मात्र मला त्या वेळी सुचलं. मी सांगितलं. जर्नल, पट्टा, कडी. हळू मारलेल्या हाकासुद्धा.

बाबांनी पूर्ण ऐकलं. मग एकच विचारलं, “कडी लावलेली होती?”

“हो.”

“मी लावली होती?”

“हो बाबा. तुम्ही लावली होती.”

ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “फटाक्याला घाबरायचा गं तो. त्याला नुसतं दरडावलं तरी पुरायचं, मारायला कशाला हवं होतं.” आणि उठून आत गेले.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, ताट घ्यायचे, ईशानशी दोन शब्द. मी कामावर जाताना “येते बाबा” म्हणायचे आणि उत्तर यायचं नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात आले. “तुझ्या आईला कळायला हवं होतं,” म्हणाले. “तिने जन्मभर मला बोल लावला.” मी मान खाली घातली. “ते आता होणार नाही. पण पोराला सांग. घरात मुकं जनावर येतंय. ते कुणाबरोबर राहणार आहे, हे त्याला माहीत असू दे.”

मी त्याच दिवशी ईशानला सांगितलं. बापाला सांगण्यापेक्षा मुलाला सांगणं अवघड असतं, हे मला माहीत नव्हतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “मम्मी, तूने सच में बेल्ट से मारा?” मी हो म्हटलं. तो उठला आणि आजोबांच्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं. आत काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. नवऱ्याला रात्री जेवताना सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “इतकी वर्षं?”

रविवारी पिल्लू आणायचं होतं. सकाळी मी गाडीची किल्ली शोधत होते, तर बाबा कपडे करून तयार. पायात बूट, हातात ईशानची जुनी शाल. “मी आणि ईशान जातो रिक्षाने,” म्हणाले. “मॅडमचं घर साकेत नगरातच, काही लांब नाही. तू घरी थांब, पाणी भरून ठेव.”

मी थांबले. ईशानला घेऊन बाबा पहिल्यांदा एकटे निघाले होते. दोन तास मी दारातच उभी होते म्हणा. रिक्षातून आधी ईशान उतरला, मग बाबा — शालीत गुंडाळलेलं पिवळसर पिल्लू छातीशी धरून. बाबा हसत होते. शालीवर पिल्लाने सू केली होती आणि बाबा ईशानला म्हणत होते, “असू दे रे, लहान आहे ते.”

त्याला तीन आठवडे झाले. पिल्लाचं नाव ईशानने बिस्किट ठेवलंय. दर दोन तासांनी त्याला अंगणात न्यायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. नुसतं घेतलं नाही, ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. “बस” म्हटल्यावर ते बसतं, तेही फक्त बाबांचं ऐकून. लशी झाल्या की रोज सकाळी फिरायला कुठल्या बाजूने जायचं, यावर दोघांचे वाद चालतात. ईशान म्हणतो मैदान, बाबा म्हणतात आधी शांत गल्ली, मग मैदान. माझ्याशी बाबा बोलतात. पूर्वीइतकं नाही. कधीकधी बोलता बोलता मध्येच थांबतात, आणि मला कळतं की त्यांना ती दुपार आठवली.

मी सुटले असं मी म्हणणार नाही. बंडूचं काय झालं ते मला माहीत नाही. परीक्षेचा ताण होता, वय लहान होतं — हे सगळं मी स्वतःला पूर्वी सांगून पाहिलंय. पट्टा माझ्या हातात होता, आणि ‘उघडंच होतं’ हे मी शांतपणे म्हणाले होते.

काल दुपारी मी सोफ्यावर बसले होते, समोर लॅबचे रिपोर्ट. फोन वाजला म्हणून उठले, आणि आले तर बिस्किट एका रिपोर्टचा कोपरा चावत बसलं होतं. बाबा समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि माझ्या हाताकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही — हाताकडे. मी खाली बसले, दोरीचं खेळणं त्याच्या तोंडापुढे धरलं, त्याने कागद सोडून दोरी पकडली. मी रिपोर्ट उचलला.

बाबांनी आणखी थोडा वेळ बघितलं. मग पेपर पुन्हा वर केला.