भिंतीबाहेरचा नळ

बसऱ्यात उन्हाळा चढला की नदीत समुद्र शिरतो आणि घराघरांत खारं पाणी येतं. त्यात चहा मरतो, साबणाला फेस येत नाही. म्हणून बद्रियाच्या स्वयंपाकघरात गोड्या पाण्याचं फिल्टर आहे. गल्ली तिला थोरल्या मुलाच्या नावानं गझवानची आई म्हणते.

फिल्टरची एक नळी भिंतीतून गल्लीत काढलेली आहे. तिथल्या नळावर तिच्या वारलेल्या धाकट्या मुलाचं, सिनानचं नाव आहे. येणारा-जाणारा पाणी पितो आणि सिनानसाठी दुवा मागतो. असा नळ बंद करणं म्हणजे माणूस पुन्हा पुरणं.

दर शुक्रवारी बद्रिया बाह्या सरसावून बसते. चिखलानं माखलेली कॅन्डल बदलते. डबे जुन्या टूथब्रशनं घासते, रबरी रिंगला व्हॅसलीन लावते. फिल्टर जोडून झालं की चहा टाकते. खरी परीक्षा चहाच्या पहिल्या घोटाची.

त्या शुक्रवारी घोट घेतला आणि तिनं पेला खाली ठेवला. खारट. ईदला बसवलेलं, खार अडवणारं मेम्ब्रेन गेलं होतं. घरात आता एकच नवं उरलं होतं आणि बाजारात मिळत नव्हतं.

"सांगत होतो ना आई?" गझवान म्हणाला. "अख्खी गल्ली पिते. बाहेरचा नळ बंद कर. नाहीतर हेही महिन्यात जाईल."

"गल्ली पिते, खरंय. तुझी गाडीही पिते."

खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून गझवान रोज गोड्या पाण्यानं गाडी धुवायचा.

सून शझा फिसकन हसली.

"तू हसू नकोस गं. तुझे केस?"

"अहो आई, खाऱ्या पाण्यानं केरसुणी होते केसांची!"

"होऊ दे. केरसुणीनं घर तरी झाडता येतं."

बद्रियानं नवं मेम्ब्रेन बसवलं. मग पाना घेऊन ओट्यावरचा गोड्या पाण्याचा नळ काढला आणि तिथं बूच घट्ट आवळलं.

"एक नळ बंद करायचा होता ना? केला."

"आई! मग आपण प्यायचं काय?" गझवान म्हणाला.

"गल्ली पिते तेच."

बादली घेऊन पहिली तीच बाहेर गेली आणि रांगेत शेवटी उभी राहिली. लोक म्हणाले, "गझवानची आई, पुढे या, नळ तुमचाच." ती हलली नाही.

संध्याकाळी पायजम्यावर, हातात कळशी घेऊन, गझवान रांगेत आला. मासेवाला अबू हातिम टपूनच होता.

"काय साहेब, गाडीला तहान लागली?"

"माणसांसाठी आहे," गझवान पुटपुटला.

"अरे वा! घरात माणसंही आहेत तर!"

रांग खदखदून हसली. गझवानचे कान लाल झाले. त्याचा नंबर आला, कळशी भरू लागली. मागं वळून त्यानं रांग पाहिली. नळ बंद केला.

"अर्धीच?" अबू हातिमनं विचारलं.

"पुरे. मागं लोक आहेत."