पाकिटावरचा आचारी

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला आता वर्ष होत आलं. ते लग्नाकार्यात आचारी होते; भेटणारी माणसं अजून त्यांच्या मसालेभाताबद्दल बोलतात. मी त्यांच्याविषयी लिहायला बसते तेव्हा मात्र मला आधी ते पाकीट आठवतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी कल्याणच्या एका वाचनालयात नोकरी करत होते आणि तिकिटं जमवत होते. ठाण्यात आमचं तिकीट जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात आम्ही भेटायचो. लहान मुलांच्या बाकांत गुडघे अडकवून बसलेली मोठी माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात चिमटा. मी बहुतेक ऐकतच असे. बोलायची वेळ आली की मी वही चाळायला लागायचे.

एका रविवारी बोटीवर नोकरी करणाऱ्या एका सभासदांनी नवी तिकिटं आणली. कुठल्याशा युरोपातल्या देशानं आपल्या नामवंत स्वयंपाक्यांच्या स्मरणार्थ ती काढली होती. एकावर उंच पांढरी टोपी घातलेला जाडजूड माणूस होता. डोळे मिटून तो पळीतलं काहीतरी चाखत होता. मी ते तिकीट भिंगाखाली धरलं आणि तिथल्या तिथे विकत घेतलं. राजा नव्हे, सेनापती नव्हे, पुढारी नव्हे. स्वयंपाकी! तिकिटावर!

योगायोग असा, की त्याच बैठकीत आमच्या प्रदर्शनाच्या खास पाकिटाचा विषय निघाला. अशा पाकिटावर एक चित्र छापतात, वर नेहमीचं तिकीट लावतात आणि पोस्ट त्या एका दिवसापुरता खास शिक्का मारून देतं. चित्र कशाचं घ्यायचं? कुणी तलाव म्हणालं, कुणी किल्ला. मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही.

"लग्नातला आचारी घेऊ या," मी म्हणाले.

"म्हणजे प्रदर्शनात जेवण आहे का?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले.

अध्यक्ष हसले नाहीत. "कल्पना चांगली आहे," ते म्हणाले. "पण तुमच्या वडिलांचं नाव घालता येणार नाही हं. हयात माणसाचं तिकीट आपल्याकडे काढत नाहीत. पाकिटालाही आपण तोच नियम लावू."

मला नाव नकोच होतं. चित्र हवं होतं. आमचं घर ठाण्यातच होतं; मी तिथपर्यंत जवळजवळ पळतच आले.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत अण्णांचा लौकिक होता. मुहूर्त धरण्याआधी लोक त्यांची तारीख विचारून जात. ते ओट्याशी बसून झारा घासत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"परदेशात आचाऱ्याचं तिकीट?" त्यांनी झारा खाली ठेवला. "काय करायचा तो?"

"सूप वगैरे."

"पंगती किती उठवायचा एका वेळी?"

"ते नाही माहीत, अण्णा."

"मग मोठा ठरला कसा?"

हयात माणसाचा नियम सांगितल्यावर त्यांनी झारा पुन्हा उचलला. मग म्हणाले, "तिकिटासाठी मरायचं? छे गं. लग्नसराई तोंडावर आहे."

पण त्या संध्याकाळी त्यांनी नवी बंडी काढून ठेवलेली मी पाहिली.

चित्र काढायचं काम मंडळातल्या चित्रकलेच्या सरांकडे आलं. डोंबिवलीच्या एका लग्नात ते मांडवामागे भट्टीजवळ वही घेऊन बसले. अण्णा दर थोड्या वेळानं उगाचच त्यांच्यासमोर येऊन उभे राहत, पोट आत ओढून. "सर, या बाजूनं घ्या, उजेड इकडून आहे." मदतनीस बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अण्णा, पोट सोडा, नाहीतर वरण खाली लागेल!" असं एक म्हणाली. सर पाहुणचाराचा चहा घेऊन लवकर निघाले.

प्रदर्शन परवावर आलं तेव्हा पाकिटाचा पहिला छाप माझ्या हातात पडला. सुंदर होता! मोठी काहील, वर चढणारी वाफ, पंचा, बंडी, आणि अण्णांचा चेहरा. हुबेहूब. मी तो वहीत घालून घरी आणला आणि आईला हाक मारली, शेजारच्या काकूंना हाक मारली. अण्णांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग छाप उलटा करून जमिनीवर ठेवला.

"हे जाता कामा नये," ते म्हणाले.

"का?"

"बघ नीट. पळी कुठे आहे?"

मी बघितलं. पळी त्यांच्या ओठांना लागलेली होती.

आमच्याकडे लग्नामुंजीचा स्वयंपाक आधी देवाला दाखवतात. नैवेद्य होईपर्यंत आचारी काही चाखत नाही. अण्णा काहिलीवर ओंजळीसारखा तळवा धरायचे, वाफ नाकाकडे ओढायचे आणि तेवढ्यावर मीठ कमी की जास्त ते सांगायचे. त्यांची सगळी पुण्याई त्या तळव्यात होती. सरांनी माझ्याकडचं ते परदेशी तिकीट नमुन्याला मागून घेतलं होतं. लग्नातून लवकर निघाल्यामुळे राहिलेला हात त्यांनी त्यावरून पुरा केला होता.

"माणसं म्हणतील, म्हातारा जन्मभर उष्टं वाढत आला," अण्णा म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "उद्या कोण मला नैवेद्याचं काम देईल?"

आई म्हणाली, "अहो, पाकीट ते केवढं! कोण एवढं बघतंय?"

"ज्यांना बघायचंय ते बघतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयात रजा कळवली आणि अण्णांना घेऊन निघाले. सरांना त्यांच्या घरून उचललं. छापखाना माजिवड्याच्या बाजूला होता. चित्राचा जस्ताचा ठसा तयार झालेला, कागद कापून ठेवलेला, यंत्राला तेल घातलेलं. नवा ठसा व्हायला वेळ नव्हता.

सर ओशाळले होते. "आमच्या घरी आई चाखते हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मला वाटलं, आचारी म्हणजे चाखणारच."

"तुमच्या आईचं बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "त्यांना पाचशे पानं वाढायची नसतात."

छापखान्याच्या मालकांनी ठसा उजेडाला धरला. "यात भर घालता येत नाही," ते म्हणाले. "जेवढं वर उठलेलं आहे तेवढंच छापतं. मी फक्त खरवडून काढू शकतो. काढलं तिथे पांढरं होईल."

"मग पळी काढा," मी म्हणाले.

त्यांनी बारीक छिन्नीनं पळी खरवडली, शाई लावली, एक छाप काढला. आम्ही चौघं त्यावर वाकलो. पळी गेली होती. आता तोंडापाशी नुसती काळी मूठ होती.

"दाढ दुखतेय याची," अण्णा म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही आलं. यंत्र थांबलेलं, दुपार होत आलेली. चित्रच रद्द करावं असं सर म्हणू लागले. मी त्या मुठीकडे बघत राहिले. मूठ काळी भरलेली होती. तिच्यातूनही काढताच येणार होतं!

"सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज यंत्राच्या खोलीत किती मोठा झाला, "मुठीत पांढऱ्या रेघा पाडल्या तर? बोटं वेगळी होतील. मूठ उघडेल."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातून पेन्सिल काढली. "अण्णा, हात धरा. भट्टीवर धरता तसा."

अण्णांनी शाईच्या डब्यावर तळवा धरला, बोटं किंचित वाकवली आणि डोळे मिटले. सरांनी ठशावर खुणा केल्या. मालकांनी छिन्नी चालवली, एक रेघ, मग फुंकर, मग दुसरी. बोटांच्या मधल्या काळ्यातली एक रेघ त्यांनी वाफेसाठी तशीच राखली.

छाप निघाला.

काहिलीवर झुकलेला एक माणूस उघड्या तळव्यानं वाफ नाकाकडे ओढून घेत होता. मी ओरडलेच. सरांनी मालकांना मिठी मारली, शाईसकट. अण्णांनी छाप हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हां," ते म्हणाले. "आता झालं."

प्रदर्शनाच्या दिवशी अण्णा नवी बंडी घालून पाकिटांच्या टेबलाजवळ उभे होते. नाव कुठेच नव्हतं, म्हणून त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मात्र बघत होते. एक नऊवारीतल्या आजी नातीबरोबर आल्या. त्यांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं.

"नैवेद्याचा स्वयंपाक दिसतोय," त्या नातीला म्हणाल्या. "बघ, चाखत नाहीये. वास घेतोय."

अण्णांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

मग ते शिक्क्याच्या रांगेत उभे राहिले, शाळेच्या पोरांच्या मागे. हातात एकच पाकीट. मला म्हणाले, "पत्ता तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे." विठ्ठलवाडीला दुसरे एक मोठे आचारी होते. एका लग्नाच्या कामावरून दोघांचं बोलणं बंद होतं. पत्ता त्यांचा होता.

"आत काय लिहू, अण्णा?"

"काही नको. बाहेर आहे ते पुरे."

पोस्टातल्या माणसानं शिक्का उचलला तेव्हा ते काउंटरवर ओणवले. "जरा तिकिटावरच मारा हं. माणसाला लागू देऊ नका."

शिक्का ठप्पकन बसला. अण्णांनी शाई वाळेपर्यंत पाकीट दोन बोटांत धरलं, मग दाराजवळच्या लाल पेटीशी गेले. अर्धं पाकीट आत घालून थांबले, पुन्हा बाहेर काढून एकदा पाहिलं आणि सोडून दिलं.

"उद्या मिळेल ना गं त्याला?" त्यांनी विचारलं.