आतली दाढी

माझी पोस्टिंग तेव्हा छावणीतल्या लष्करी दवाखान्यात होती. मी नर्सिंग असिस्टंट. पावसानं दुसऱ्या वर्षीही पाठ फिरवली होती. वॉर्डच्या खिडकीबाहेर टँकर निघून जाई आणि त्याची धूळ उन्हात बराच वेळ तरंगत राही.

नाईक भानुदास शेंद्रा गावचा, सिग्नल्समध्ये रेडिओ ऑपरेटर. सेटवर जागं राहायला त्यानं वर्षानुवर्षं डाव्या गालात तंबाखू धरली. तिथंच कॅन्सर निघाला. गालाचं आतलं अस्तर काढायचं, नाकाशेजारच्या कातडीची पट्टी ओठाच्या कोपऱ्याशी जोडलेलीच ठेवून आत वळवायची आणि तिथं शिवायची, असं ठरलं. पट्टी जगली तर तोंड उघडेल, शब्द फुटतील. मेली तर गाल आखडेल आणि सेटवरचं काम सुटेल.

"दाढीची जागा आहे. केस आत उगवतील," सर्जन मेजर मॅडमनी आधीच सांगितलं.

"आतली दाढी कुणी करायची, मास्तर? तू?" भानुदासनं मला विचारलं. मी पुस्तकं वाचायचो, म्हणून मास्तर.

ऑपरेशननंतर दुसऱ्या सकाळी, राऊंडच्या आधी, तो आरशासमोर उभा दिसला. तोंडाला साबण, हातात रेझर. डाव्या हाताच्या बोटांनी गाल ताणून धरलेला, नेमका पट्टीच्या मुळाशी, जिथून तिला रक्त मिळत होतं.

"भानुदास! हात काढ!"

बोलता येत नव्हतं. त्यानं पाटीवर लिहिलं, 'इन्स्पेक्शन हाय नव्हं?'

पट्टी निळी पडली होती.

मॅडम आल्या. "टॉर्च. कात्री." दोन टाके सैल केले. काळं रक्त झिरपलं. मग आम्ही नुसतं बघत राहिलो. पंखा फिरत होता. दुपारी निळा रंग गुलाबीकडे सरकला.

"जगेल. आणि नाईक, माझ्या वॉर्डात दाढी माफ."

काही आठवड्यांनी त्यानं स्टीलचा पेला तोंडाशी धरला. "हाऊ डू यू हिअर मी? ओव्हर."

"लाउड अँड क्लिअर. ओव्हर."

"ऑपरेशनच्या गुंगीत आमच्या रानातले रातकिडे ऐकू आले, मास्तर. लई लांबून. तिथं तर आता कारखान्याचं शेड हाय."

तो सेटवर परतला. अधूनमधून यायचा, तोंड उघडून बसायचा. मी वाकड्या कात्रीनं आतले केस कापायचो. दोन वर्षांनी आजार मानेत उमटला. त्यातच तो गेला.

शेंद्र्याला, कारखान्याच्या कुंपणालगतच्या अंगणात, त्याला युनिफॉर्म चढवण्याआधी दाढी मी केली. डावा गाल ताणायला हात गेला. ओठाच्या कोपऱ्याशी, त्या जुन्या मुळाजवळ, मी तो मागं घेतला. मग गाल न ताणताच, हलक्या हातानं, रेझर फिरवला.