सालगडी नसलेलं शेत

झरी गावात सोयाबीन कुणाचं चांगलं म्हटलं की लोक बन्सीधरच्या शेताकडं बोट दाखवायचे. त्यामुळं शेतकरी गटानं सगळ्यांचा एकरी खर्च आणि उतारा ताडून बघायचं ठरवलं, तेव्हा पहिला हात त्यानंच वर केला.

गटाचं काम बघणाऱ्या राजेश्रीनं देवळासमोर निकाल सांगितला. उतारा बन्सीधरचाच जास्त; पण क्विंटलमागं खर्चही त्याचाच जास्त. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"काका, आधी खत कमी करा," राजेश्री म्हणाली. "दुसऱ्यांच्या दुप्पट टाकायलाव तुमी."

खताला हात लावायची बन्सीधरची छाती होईना. त्याची नजर गडी परमेश्वरच्या पगारावर गेली. मिसरूड फुटायच्या आधीपासून परमेश्वर त्याच्याकडं सालगडी होता. दर पाडव्याला पुढच्या वर्षाचं साल ठरायचं. त्या पाडव्याला बन्सीधर सकाळीच पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघाला.

"परमेश्वर आला तर सांग, यंदा साल न्हाई."

"मी कशाला? तुमच्या तोंडानं सांगा की," त्याची बायको कावेरी म्हणाली. तोवर गाडी सुरू झाली होती.

परमेश्वरनं निरोप ऐकला, बैलांना पाणी दाखवलं आणि मालकाची वाट बघत दिवसभर ओसरीवर बसला. दिवेलागणीला उठून गेला.

त्या वर्षी बन्सीधरचा खर्च उतरला. गटानं टाळ्या वाजवल्या. पुढच्या हंगामात त्यानं भीत भीत खतही निम्म्यावर आणलं, तर उतारा जरासुद्धा घटला नाही. म्हणजे राजेश्रीचं आधीच ऐकलं असतं, तर परमेश्वरला काढायची गरजच नव्हती. हे कळलं आणि त्याला जेवण गोड लागेना.

परमेश्वर ताडकळसच्या एका आडतीवर हमाली करायलाय, असं कळलं. बन्सीधर तिथं गेला.

"परत चल. चुकलं माझं."

परमेश्वरनं खांद्यावरचं पोतं उतरवलं. "काढलं त्याचं काय न्हाई, दादा. शेत तुमचं हाय. पण वैनीला पुढं केलं तुमी. मला वाटलं, सांजच्याला तरी याल."

"म्या फाट्यावर बसून होतो," बन्सीधर म्हणाला. "तू गेल्यावर आलो."

"ठाव हाय मला. जाताना दिसले की तुमी, हाटेलात."

परमेश्वरनं पुन्हा पोतं उचललं. बन्सीधर आडतीच्या दारात बराच वेळ उभा राहिला; येणाऱ्या-जाणाऱ्या हमालांना वाट देत, बाजूला सरकत.