मागच्या बाकांवरच्या आया

खडूच्या धुळीचा वास आला की मला भोईवाड्यातल्या शाळेची ती संध्याकाळ आठवते. चाळीतल्या मुलांना अभ्यासाला जागा नसते म्हणून पालिकेच्या शाळा संध्याकाळी उघड्या ठेवायची योजना मी मांडली होती. आधी दोन शाळांत करून बघायचं ठरलं, दादरची माझ्याकडे आणि भोईवाड्याची माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे. माझ्याकडे मुलगे यायचे, मुली फिरकायच्या नाहीत. साहेबांबरोबर तिची शाळा बघायला गेले, तर वर्ग मुलींनी भरलेले आणि मागच्या बाकांवर त्यांच्या आया, कुणी लसूण सोलतेय, कुणी पेंगतेय. "अंधारात मुलींना एकटं कोण सोडणार? म्हणून म्हटलं, तुम्हीपण या," मैत्रीण सहज म्हणाली. साहेब खूश झाले. "हे धोरणातच घालू, सगळ्या शाळांसाठी." माझा नुसता जळफळाट झाला. "मूळ योजना हिचीच हां, सर," ती घाईघाईने म्हणाली, तेव्हा तर ती मला आणखीच नकोशी वाटली. परवा माझी भाची अशाच एका वर्गातून आईबरोबर घरी आली आणि म्हणाली, "मावशी, आईला बसू देतात ते किती बरंय! कुणाला सुचलं गं हे?" मी मैत्रिणीचं नाव सांगितलं, पण इतक्या वर्षांनीही ते घेताना माझी जीभ अडखळली.